साखर कारखान्यातली तीन वर्षं आणि कंट्रोल थिअरीतली पीएचडी

प्रश्न थोडक्यात असा. पलूसचा एक तरुण. सांगलीत इलेक्ट्रिकलचं बी.टेक., नंतर तीन वर्षं कुपवाडच्या एका ऑटोमेशन कंपनीत. काम साखर कारखान्यांच्या बॉयलरवरचं: पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक कॉम्प्युटर), स्काडा (देखरेखीचं सॉफ्टवेअर), लूप ट्यूनिंग (आपोआप नियंत्रणाची जुळवणी). आता कंट्रोल थिअरीत, म्हणजे यंत्रणा हवी तशी कशी चालवायची याच्या गणितात, पीएचडी करायची आहे. एम.टेक. नाही, पेपर नाही. त्यांचं विचारणं: एवढी पार्श्वभूमी पुरेल का, नोकरीची वर्षं वाया गेली का, आणि अर्जात स्वतःबद्दल लिहायचं तरी काय. सोबत बायोडेटाही पाठवलाय.

मी याच विषयात पीएचडी केली, पुढे बराच काळ कारखान्यांच्या आणि पाणीयोजनांच्या कामात घातला, आणि अधूनमधून निवडीच्या मुलाखतींना टेबलाच्या पलीकडे बसते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकते.

नोकरी वाया गेलेली नाही. पण तुमचा बायोडेटा वाचणाऱ्याला मात्र ती गेली असंच वाटेल. त्यात ओळ आहे: ‘पीएलसी प्रोग्रामिंग, स्काडा डिझाइन, साइट कमिशनिंग, क्लायंट को-ऑर्डिनेशन’. ही ओळ कुपवाडपासून चाकणपर्यंत हजार जणांच्या कागदावर सापडेल. कंट्रोल थिअरीच्या प्राध्यापकाला तिच्यातून काहीच कळत नाही, कारण तुम्ही कुठलं सॉफ्टवेअर चालवलंत यात त्याला रस नसतो. समोरची यंत्रणा अशी का वागते हा प्रश्न तुम्हाला कधी पडला का, आणि पडला तर तो कागदावर किती दूर नेलात, एवढंच तो शोधत असतो.

तुमच्याकडे तो प्रश्न आहे, आणि उत्तम आहे. बायोडेटात तो चौथ्या पानावर ‘ड्रम लेव्हल लूप ट्यूनिंग’ या चार शब्दांत दडवून ठेवलाय. जरा त्यावरच थांबू.

गळीत हंगामात बगॅसवरचा, म्हणजे उसाच्या चिपाडावरचा, बॉयलर चालू आहे. मिलमध्ये ऊस एकदम जास्त आला, टर्बाइनने जास्त वाफ ओढली. ड्रममधला, म्हणजे बॉयलरच्या पाणी-वाफेच्या टाकीतला, दाब पडतो. दाब पडला की पाण्यातले वाफेचे बुडबुडे फुगतात, आणि फुगलेल्या बुडबुड्यांमुळे पाण्याची पातळी वर चढलेली दिसते. प्रत्यक्षात पाणी कमी होतंय, पण पातळी मोजणारा ट्रान्समीटर सांगतो वाढतंय. साधा पीआयडी, म्हणजे चूक बघून व्हॉल्व्ह फिरवणारा नेहमीचा कंट्रोलर, काय करणार? फीड वॉटरचा, म्हणजे ड्रममध्ये येणाऱ्या पाण्याचा, व्हॉल्व्ह बंद करत नेणार. मग मागणी स्थिरावते, बुडबुडे बसतात, पातळी धाडकन खाली येते आणि लो लेव्हलला बॉयलर ट्रिप होतो. उलट बाजूनेही तेच. ड्रममध्ये त्या मानाने गार पाणी सोडलं की बुडबुडे आक्रसतात आणि पातळी वाढण्याऐवजी आधी थोडी उतरते. म्हणूनच आपल्याकडच्या कित्येक कारखान्यांत हा लूप कागदावर ऑटोवर आणि प्रत्यक्षात मॅन्युअलवर असतो. जुना बॉयलर अटेंडंट म्हणतो, “लेव्हल खोटं बोलतीया सायेब, जरा दम धरा.” तो दम धरतो म्हणून बॉयलर चालतो.

अटेंडंट ज्याला खोटं बोलणं म्हणतो त्याला थिअरीत नाव आहे. फीड वॉटरपासून लेव्हलपर्यंतच्या ट्रान्सफर फंक्शनला (पाणी बदललं की पातळी कशी बदलते ते सांगणाऱ्या सूत्राला) कॉम्प्लेक्स प्रतलाच्या उजव्या अर्ध्या भागात झिरो असतो, म्हणजे तिथे ते सूत्र शून्य होतं. अशी सिस्टिम नॉन-मिनिमम फेज, आधी उलट्या दिशेला जाणारी. हा झिरो कंट्रोलरने छेदून टाकता येत नाही. तसं करायला गेलं तर कंट्रोलरच्या पोटात एक अनस्टेबल पोल जाऊन बसतो आणि बाहेरून सगळं ठीक दिसत असताना आतून सिग्नल फुगत जातो. आणि तो झिरो लूपच्या वेगाला मर्यादा घालतो. ढोबळ नियम असा की बँडविड्थ (लूपचा कामाचा वेग) त्या झिरोच्या निम्म्याच्या आसपासच अडते. समजा झिरो सेकंदाला ०.०३ रेडियनवर आहे, तर ०.०१५ च्या पुढे लूप पळवता येणार नाही, म्हणजे सावरायला मिनिटाच्या हिशोबातच वेळ लागणार. गेन (कंट्रोलरची तीव्रता) कितीही फिरवा, ब्रँड कितीही महागाचा आणा. तीन-घटक कंट्रोल (लेव्हल, वाफेचा प्रवाह आणि फीड वॉटरचा प्रवाह तिन्ही बघणारं) चालतं याचं कारण ते वाफेचा प्रवाह आधीच मोजून फीड वॉटरला इशारा देतं, एकट्या लेव्हलच्या सांगण्यावर विसंबत नाही.

आता तीच नोकरी अशी लिहून पाहा: ‘बगॅस बॉयलरवर ड्रम लेव्हलचा तीन-घटक लूप कार्यान्वित केला. फीड वॉटरच्या स्टेप टेस्टमध्ये सुरुवातीचा उलटा प्रतिसाद नोंदवला. त्यावर कमी ऑर्डरचं मॉडेल बसवलं, उजव्या झिरोची जागा अंदाजली आणि एक-घटक लूप वेगवान का होऊ शकत नाही ते दाखवलं.’ बॉयलरची क्षमता, डेटा किती मिनिटांचा, सॅम्पलिंग किती सेकंदांचं, हे आकडे त्यात घाला. हे तुम्ही खरोखर केलेलं असलं पाहिजे हे वेगळं सांगायला नको, कारण मुलाखतीतला पहिला प्रश्न तिथूनच येणार. केलं नसेल तर अजून वेळ आहे, त्याबद्दल शेवटी सांगते. कारखान्याचा डेटा अर्जात वापरायचा तर लेखी परवानगी घ्या, आणि कारखान्याचं नाव लिहू नका.

दुसरी गोष्टही तुमच्याकडे आहे, बहुतेक तुमच्या लक्षात आली नसेल. व्हॉल्व्ह शंभर टक्के उघडला तरी पीआयडीचा इंटिग्रल भाग (साठत गेलेल्या चुकीची बेरीज) चढतच राहतो आणि मग उतरायला वेळ घेतो. त्यासाठी तुम्ही पीएलसीत अँटी-वाइंडअपचा चौकोन टिक केला असणार. त्या चौकोनामागे सॅच्युरेशन (व्हॉल्व्ह मर्यादेला टेकणं) असलेल्या फीडबॅकच्या स्टेबिलिटीचा प्रश्न आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञ लूर्येने तो १९४४ मध्ये मांडला आणि त्यावर आजही पेपर निघतात. टिक करणारे पुष्कळ असतात. त्या चौकोनाला प्रमेय का लागतं हे विचारणारा क्वचित भेटतो.

एम.टेक. नाही, पार्श्वभूमी ‘शुद्ध’ नाही, ही भीती तर डोक्यातून काढूनच टाका. हा विषयच मुळात भेसळीतून झालाय. मॅक्सवेलने १८६८ मध्ये वाफेच्या इंजिनांच्या गव्हर्नरवर, म्हणजे वेग आवरणाऱ्या यंत्रणेवर, लिहिलं, तो भौतिकशास्त्रज्ञ. ल्यापुनोव गणिती, १८९२ च्या त्याच्या प्रबंधावर आजही अर्धी नॉनलिनिअर थिअरी उभी आहे. नायक्विस्टची पीएचडी येल विद्यापीठातली, भौतिकशास्त्रातली, आणि फीडबॅकच्या स्टेबिलिटीवरचं १९३२ चं ते प्रसिद्ध काम टेलिफोन कंपनीच्या अॅम्प्लिफायरसाठी. झिगलर आणि निकोल्स, ज्यांचे ट्यूनिंगचे नियम तुम्ही रोज वापरता, ते १९४२ मध्ये इन्स्ट्रुमेंट बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होते.

तुमच्याशी सगळ्यात जवळचं उदाहरण स्वीडनच्या कार्ल ओस्ट्रॉमचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हे गृहस्थ आयबीएममध्ये असताना एका कागद कारखान्याच्या कॉम्प्युटर कंट्रोलवर काम करत होते. कागदाचं दर चौरस मीटरमागचं वजन कमी-जास्त होतं, ते कमीत कमी कसं हलेल, हा मालकाचा प्रश्न. त्यातून मिनिमम व्हेरिअन्स कंट्रोलची थिअरी निघाली. १९६५ मध्ये ते लुंडला प्राध्यापक म्हणून गेले, आणि २००० साली एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी ड्रम बॉयलरचं जे मॉडेल छापलं, त्यात तुमच्या अटेंडंटचं ‘खोटं बोलणं’ चार स्टेटमध्ये, म्हणजे चार बदलत्या राशींत, मांडलेलं आहे. ते आधी वाचा. वाचताना कळत नसेल तिथे पेन्सिलने खूण करा. त्या खुणा म्हणजे तुमचा अभ्यासक्रम.

दुसरं उदाहरण अमेरिकेच्या जॉन डॉइलचं, तोही कंट्रोल थिअरीतलाच. १९७८ मध्ये त्याने दाखवलं की एलक्यूजी रेग्युलेटरला (गणिताने ‘सर्वोत्तम’ ठरवलेल्या एका कंट्रोलरला) स्टेबिलिटी मार्जिनची, म्हणजे मॉडेल थोडं चुकलं तरी सिस्टिम सावरून घेण्याची, कुठलीही हमी नसते. पेपर जेमतेम दोन पानांचा आणि त्याचा सारांश तीन इंग्रजी शब्दांचा, भावार्थ ‘अशी मार्जिन नसतातच’. तेव्हा त्याच्याकडे एमआयटीची मास्टर्स होती आणि तो एका कंट्रोल कंपनीला सल्ला देत होता. पीएचडी बर्कलेतून, गणितात, १९८४ मध्ये. म्हणजे नोकरी आधी, शोध मध्ये आणि पदवी नंतर.

यातल्या बहुतेकांत एक गोष्ट मात्र समान होती आणि ती तुमच्याकडे सध्या नाही. गणित. इंजिनिअरिंगचं एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) नव्हे. लाप्लासची कोष्टकं पाठ असून भागत नाही. सिद्धता लिहिता येणं.

मुलाखतीत काय होतं ते सांगते. उमेदवार राउथ टेबल (स्टेबिलिटी तपासायचं कोष्टक) धडाधड भरतो. मग विचारतात: दोन स्टेबल पॉलिनोमिअल (सगळी मुळं डाव्या अर्ध्या भागात असलेली) घेतली, त्यांची सरासरी काढली, ती स्टेबल असेलच का? दुसऱ्या ऑर्डरला हो. तिसऱ्यापासून पुढे नाही. का नाही, उदाहरण द्या. किंवा: ए हा मॅट्रिक्स वेळेनुसार बदलतोय, पण प्रत्येक क्षणी त्याच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू डाव्या अर्ध्या भागात आहेत, मग सिस्टिम स्टेबल का? बहुतेक जण छातीठोकपणे हो म्हणतात. उत्तर नाही, आणि त्याचं प्रतिउदाहरण दोन-बाय-दोनचंच आहे. इथे पाठांतर संपतं. ‘मला माहीत नाही, पण असं करून बघतो’ म्हणत फळ्यावर झटापट करणारा उमेदवार आम्हाला आवडतो. चुकला तरी. गप्प उभा राहणारा आणि ‘सर, हे सिलॅबसला नव्हतं’ म्हणणारा, दोघांचंही पुढे कठीण होतं.

त्यामुळे अर्जाआधीचं वर्ष लिनिअर अल्जिब्रा, रिअल अॅनालिसिस आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स या तिघांना द्या, याच क्रमाने. एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानमालेवर आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. पण व्हिडिओ बघण्याला अभ्यास समजू नका. दीडपट वेगाने ऐकलेली सिद्धता दुसऱ्या दिवशी डोक्यात राहत नाही. वही घ्या आणि एकच काम करा: कंट्रोलेबिलिटी मॅट्रिक्सचा रँक पूर्ण असेल तर आणि तरच सिस्टिम कंट्रोलेबल (हव्या त्या स्थितीत नेता येणारी), हे दोन्ही बाजूंनी, कुठेही न बघता, कोऱ्या कागदावर लिहून काढा. काल्मनने ही कल्पना १९६० मध्ये मांडली आणि आज ती बी.टेक.च्या परीक्षेत चार मार्कांना असते, म्हणून सगळ्यांना ती येते असं वाटतं. लिहायला बसा म्हणजे कळेल. केली-हॅमिल्टन कुठे लागलं, ग्रामिअन कुठून आलं, ‘तरच’ची बाजू कुठे अडली. हे जमलं की बाकीच्या निम्म्या गोष्टी आपसूक सुटतात.

आता गेट, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणाची देशपातळीवरची परीक्षा. ते लागणारच. स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे नोकरी करता करता देऊन ठेवा. तुम्हाला इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचा पेपर सोयीचा. मुंबई आयआयटीत सिस्टिम्स अँड कंट्रोलचं स्वतंत्र केंद्रच आहे आणि तिथे इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, केमिकल, एरोस्पेस अशा सगळ्या बाजूंनी मुलं येतात. बाकी ठिकाणी कंट्रोलचे लोक इलेक्ट्रिकल, एरोस्पेस नाहीतर केमिकलच्या छपराखाली सापडतात. बंगळूरच्या आयआयएससीतही तसंच. त्यामुळे संस्थेचं नाव टाइप करून यादी करू नका. ज्या पाच-सहा प्राध्यापकांचे गेल्या दोन-तीन वर्षांतले पेपर तुम्हाला निदान प्रस्तावनेपर्यंत कळतात, त्यांची यादी करा. कंट्रोलमध्ये गाइड चुकला तर संस्थेचा फलक वाचवत नाही.

एम.टेक. आधी करावं का? तुमच्या बाबतीत मी हो म्हणेन, पण नियम म्हणून नाही. बी.टेक.वर थेट पीएचडीची दारं आयआयटीत उघडी आहेत, आणि यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर विद्यापीठांतही आहेत. पण तुमच्या गणितातली फट वर्षभराच्या स्वाध्यायाने पूर्ण बुजेल असं मला वाटत नाही. एम.टेक.ची दोन वर्षं त्यासाठी चांगली, शिवाय थिअरी खरंच आवडते की नुसतं ‘डॉक्टर’ आवडतं, हे कळायलाही. नोकरी सांभाळून जवळपासच्या विद्यापीठातून पीएचडी करावी असं तुमच्या कंपनीतले साहेब म्हणाले असं तुम्ही लिहिलंय. उपयोजित विषयाला ते चालतं. थिअरीला चालत नाही, असं माझं स्पष्ट मत. दिवसभर साइटवरच्या फोनांमधून उरलेल्या वेळात प्रमेय सुटत नाही.

पेपर नाहीत याची लाज वाटून घेऊ नका आणि घाईने छापूही नका. पैसे भरले की आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलमधला ‘पीआयडी ट्यूनिंग युजिंग अमुक अल्गोरिदम’ हा पेपर अर्जात दिसला की माझं मत खालीच जातं, आणि मी एकटी नाही. त्यापेक्षा चार पानांचं स्वच्छ टिपण जोडा, बॉयलरवरचंच. शिफारसपत्रांचंही तसंच. कंपनीच्या डायरेक्टरने ‘अत्यंत मेहनती व प्रामाणिक’ लिहून दिलं तर त्याने काही होत नाही. सांगलीच्या विश्रामबागेत जाऊन कॉलेजातल्या तुमच्या कंट्रोलच्या किंवा गणिताच्या सरांना भेटा, हे टिपण त्यांना वाचायला द्या, त्यांनी काढलेल्या चुका दुरुस्त करा, आणि मग पत्र मागा. त्यांना लिहायला काहीतरी हातात मिळेल.

संशोधनाचा विषय म्हणून तुम्ही ‘कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे कृष्णेच्या पुराचं नियंत्रण’ लिहिलंय. २०१९ च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूरच्या दर तिसऱ्या अर्जात हा विषय असतो, आणि का ते मी समजू शकते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलेलं. ज्याने ते पाहिलंय त्याला दुसरा विषय सुचणं अवघडच. पण कंट्रोलच्या नजरेने बघा. कोयनेची साठवण साधारण १०५ टीएमसी. धरण भरत आलं की तुमच्या हातातली झडप संपली, म्हणजे सॅच्युरेशन. सोडलेलं पाणी सांगलीला पोचायला वेळ, म्हणजे डिले. आणि धरणाच्या खाली, मोकळ्या पाणलोटात पडणारा पाऊस कुठल्याच दरवाजाला जुमानत नाही, म्हणजे मोठा आणि नीट न मोजलेला डिस्टर्बन्स. या तिन्हींपुढे फीडबॅक फारसं काही करू शकत नाही. खरा खेळ पावसाच्या अंदाजावर आणि आधीच किती रिकामं ठेवायचं या निर्णयावर आहे, आणि त्यात सिंचन, वीज, दोन राज्यं सगळी येतात. विषय मोठा आहे, महत्त्वाचा आहे, पण एका विद्यार्थ्याच्या थिअरीच्या प्रबंधाला तो धार देत नाही.

पाण्याचंच करायचं असेल तर म्हैसाळ किंवा टेंभू उपसा सिंचन योजनेच्या कालव्याकडे बघा. टप्प्याटप्प्याने पंप, मधे कालव्याचे लांब तुकडे. प्रत्येक तुकडा ढोबळमानाने डिले आणि इंटिग्रेटर (पाणी साठवत जाणारी टाकी). पंप एकतर चालू नाहीतर बंद. पाणी शेवटच्या गावापर्यंत पोचलं पाहिजे आणि विजेचं बिलही आटोक्यात हवं. यात डिले आहे, स्विचिंग आहे, ऑप्टिमायझेशन आहे, आणि मुख्य म्हणजे झडप तुमच्या हातात आहे. अर्थात पहिल्या दिवशी विषय पक्का लागत नाही. गाइड बहुधा बदलायला लावतो. अर्जातला विषय फक्त एवढं दाखवतो की तुम्हाला प्रश्न कापून आपल्या मापाचा करता येतो.

पैशांचंही सांगते, कारण घरी तोच प्रश्न येणार. जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनी फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं किंवा हॉस्टेल. यूजीसीच्या नियमात किमान मुदत तीन वर्षं असली तरी थिअरीत पाच धरून चाला. तुमच्या आजच्या पगाराच्या मानाने हे कमी की जास्त ते तुम्हीच बघा, पण घरच्यांना पाच हाच आकडा सांगा. तीन सांगून मग दर दिवाळीला ‘अजून किती’ ऐकण्यापेक्षा ते बरं. नंतरचं विचाराल तर अध्यापन आहेच. गाडी, ड्रोन, वीज, अवकाश या क्षेत्रांतही कंट्रोलची पक्की थिअरी असणारी माणसं लागतात. साखर कारखाना मात्र तुम्हाला पीएचडीबद्दल एक रुपया जास्त देणार नाही.

गेटचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. गळीत हंगाम नेमका त्याच दरम्यान, आणि बॉयलर चालू असेल तेव्हाच डेटा मिळतो. त्यामुळे या हंगामात साइटवर गेलात की भार स्थिर असताना, शिफ्ट इनचार्जला सांगून, अटेंडंटला शेजारी उभं करून फीड वॉटर व्हॉल्व्हला दोन-तीन टक्क्यांची स्टेप द्या आणि लेव्हल, दाब, वाफेचा प्रवाह, फीड वॉटरचा प्रवाह हे चारही सेकंदा-सेकंदाला नोंदवा. स्काडाचा ट्रेंड बहुतेक वेळा एक मिनिटाच्या सरासरीवर ठेवलेला असतो. त्यात उलटा प्रतिसाद पुसला जातो, म्हणून लॉगिंगचा वेग आधी बदलून घ्या. स्टेप वरच्या दिशेने एकदा आणि खालच्या दिशेने एकदा. आणि कोणी कितीही आग्रह केला तरी लो लेव्हलची ट्रिप बायपास करून टेस्ट घेऊ नका.